सुपारीचं पोतं आणि माकडाचा मेंदू

बाळा,

काल फोनवर तू विचारलंस ना, हत्तीचा मेंदू आपल्या तिप्पट, मग तो आपल्या पुढे का नाही गेला, तेव्हा कुकर लावला होता म्हणून घाईत फोन ठेवला, पण प्रश्न काही डोक्यातून जाईना.

आपल्या कुळागरात बघ, एकाच पोत्यात नारळ भरले तर मोजकेच मावतात आणि सुपाऱ्या भरल्या तर हजारो. मेंदूचं तसंच आहे. उंदराच्या जातीत मेंदूतल्या चेतापेशी, म्हणजे संदेश वाहणाऱ्या पेशी, वाढल्या की एकेक पेशीही मोठी होत जाते, म्हणजे नारळच. माकडांच्या वंशात मात्र पेशींचा आकार फारसा वाढलाच नाही, नुसती संख्या वाढत गेली. दक्षिण अमेरिकेतला कॅपिबारा, उंदराच्याच गोतातला, आणि आपलं उत्तरेकडचं ऱ्हीसस माकड, दोघांचे मेंदू साधारण 80 ग्रॅमच्या आसपास, पण विचाराचं काम करणाऱ्या वरच्या सालीत, म्हणजे कॉर्टेक्समध्ये, कॅपिबाराकडे 30 कोटी चेतापेशी आणि माकडाकडे 170 कोटी!

हे मोजलं कसं ते ऐक. ब्राझीलच्या सुझाना हर्कुलानो-हूझेल बाईंनी मेंदूचं चक्क सूप केलं, पेशी विरघळवून त्यातली केंद्रकं मोजली. माणसाच्या अख्ख्या मेंदूत 8,600 कोटी चेतापेशी, त्यातल्या 1,600 कोटी कॉर्टेक्समध्ये. हत्तीकडे एकूण 25,700 कोटी, पण बहुतेक सगळ्या मागच्या लहान मेंदूत, कॉर्टेक्समध्ये फक्त 560 कोटी. हे तुझं उत्तर.

आणि मला सगळ्यात आवडलं ते हे की आपला मेंदू काही वेगळ्या मापाचा नाही, माकडाच्याच हिशोबाने वाढवत नेला तर एवढाच भरतो. ही साल जेमतेम 2 ते 4 मिलिमीटर जाड, पण पसरली तर वर्तमानपत्राच्या पानाएवढी, म्हणून तर कवटीत सुरकुत्या घालून बसलीय.

आज सकाळी पपईवर लाल तोंडाचं माकड बसलेलं. सगळे दगड मारतात, नुकसान होतं हे खरंय रे, पण ते प्रत्येक फळ बोटांनी दाबून, रंग बघून पिकलेलंच तोडत होतं. त्याच्या आणि आपल्या डोळ्यांना लाल-हिरवा फरक सारखाच दिसतो, आणि त्याच्या कॉर्टेक्सचा जवळपास अर्धा भाग बघण्याच्या कामातच गुंतलेला असतो. मी दगड खाली टाकला आणि बघतच राहिले.

चवथीला ये, तोवर दोन पपया तरी राखते.

तुझी आई