यंत्र बसवावे, पण मॅपिंगला जायचे कुठे?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मोफत कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे कानाच्या आत ऐकण्याचे यंत्र बसवण्याच्या, शस्त्रक्रियेविषयीची एक बातमी गेल्या पंधरवड्यात आपल्या दैनिकात ‘मुक्या बाळाला वाचा फुटली’ अशा मथळ्याने प्रसिद्ध झाली होती. तिचे कात्रण घेऊन आमच्या गल्लीतले एक तरुण जोडपे रविवारी माझ्याकडे आले. त्यांचा मुलगा अकरा महिन्यांचा आहे. कानाच्या प्राथमिक तपासणीत तो दोन्ही बाजूंनी नापास झाला असून बेरा चाचणीची, म्हणजे आवाजाला कानाची नस आणि मेंदू प्रतिसाद देतात का हे पाहणाऱ्या तपासणीची, तारीख मिळाली आहे. ‘ताई, करून टाकू का ऑपरेशन?’ एवढाच त्यांचा प्रश्न होता. कर्णबधिर मुलांच्या निवासी शाळेत एकोणतीस वर्षे शिकवूनही मला त्याचे उत्तर एका वाक्यात देता आले नाही. त्यांना तासभर जे सांगितले, ते खान्देशातील इतर पालकांच्याही उपयोगी पडावे म्हणून हे पत्र.

माझी पहिली हरकत मथळ्यालाच आहे. ऑपरेशनने वाचा फुटत नाही. आपल्या कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखा जो भाग असतो, त्यातील आतल्या ओळीच्या सुमारे साडेतीन हजार केशपेशी आवाजाचे विद्युत संदेशांत रूपांतर करून ते कानाच्या नसेकडे पाठवतात. त्या जन्मतः निकामी असल्या, तर साध्या श्रवणयंत्राने आवाज कितीही मोठा केला तरी फारसे काही पोहोचत नाही. इम्प्लांट या पेशींना वगळून शंखात सरकवलेल्या बारा ते बावीस इलेक्ट्रोडांमार्फत थेट नसेला विजेचे सूक्ष्म ठोके देते. साडेतीन हजारांचे काम बावीस जणांकडून करून घ्यायचे म्हटल्यावर जे पोहोचते ते आवाजाचे ढोबळ रेखाटनच असते, आणि ते वाचायला मेंदूला महिनोन् महिने शिकावे लागते. टाके भरल्यावर दोन ते चार आठवड्यांनी यंत्र सुरू करतात, त्याला स्विच-ऑन म्हणतात. बातमीतील छायाचित्रात त्या क्षणी बाळ हसत होते. मी पाहिलेली निम्मी मुले त्या क्षणी घाबरून रडली. तेथून पुढे मॅपिंग, म्हणजे प्रत्येक इलेक्ट्रोडला किती विद्युतप्रवाह द्यायचा हे संगणकावर ठरवणे, पहिल्या वर्षात पुनःपुन्हा करावे लागते आणि आठवड्याची स्पीच थेरपी काही वर्षे चालते. कानामागची कॉइल, म्हणजे यंत्राचा बाहेरून लावायचा भाग, काढली की मूल पूर्वीइतकेच बहिरे असते; झोपेत, आंघोळीत, विहिरीत पोहताना ते बहिरेच राहणार, हे एकदा मान्य करून मगच पुढचा विचार करावा.

एवढे सांगूनही मी इम्प्लांटच्या विरोधात नाही. कानाची नस जागेवर आहे, श्रवणयंत्र लावून पाहिले तरी फरक पडला नाही आणि मूल लहान आहे, अशा वेळी मी ‘करा, आणि लवकर करा’ असेच सांगते. मेंदूतील ऐकण्याच्या केंद्राची लवचीकता पहिल्या साडेतीन वर्षांत सर्वाधिक असते आणि सातव्या वर्षानंतर ती फार कमी होते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मुलांसाठी इम्प्लांटला प्रथम मान्यता दिली ती १९९० मध्ये, दोन वर्षांच्या पुढील मुलांसाठी. २००० मध्ये ही मर्यादा बारा महिन्यांवर आणि २०२० मध्ये नऊ महिन्यांवर आली, त्याचे कारण हेच. याच न्यायाने, जन्मापासून काहीच न ऐकलेल्या आठ-नऊ वर्षांच्या मुलासाठी शेत गहाण टाकून कोणी ऑपरेशन करू पाहत असेल, तर त्याला मी अडवते. त्या पैशांतून मिळणारे ऐकणे बहुधा दाराची कडी आणि मोटारीचा हॉर्न यांच्यापुढे जात नाही.

आमच्या भागात उशीर होतो तो मात्र पैशांमुळे कमी आणि ‘याचा बापही उशिराच बोलला होता’ या वाक्यामुळे जास्त. पाठीमागे थाळी वाजवून पाहण्याची परीक्षा अजून घरोघर चालते. थाळीचा हादरा किंवा आईच्या चेहऱ्यावरचा बदल टिपून मूल वळते आणि घर निश्चिंत होते. हल्ली त्यात डीजेची भर पडली आहे. ‘लग्नात डीजेवर नाचतो, मग बहिरा कसा?’ हे मी इतक्यांदा ऐकले आहे की त्याचे उत्तर पाठ झाले आहे: छातीत घुमणारा ठोका ऐकायला कान लागत नाहीत. नवजात बाळाच्या कानाची ओएई चाचणी काही मिनिटांची असते आणि बाळाला तिचा त्रास होत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला झाली; त्यातील तपासावयाच्या आजारांत जन्मजात बहिरेपणा आहे, आणि त्याची पथके वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतात. तेव्हा मूल शेतात नेलेले असते, हा वेगळा भाग.

आता मूळ मुद्दा. माझ्या डोळ्यांपुढे दोन मुले आहेत. एक मुलगी यावल तालुक्यातील, जिचे ऑपरेशन दुसरे वर्ष सरताना झाले. तिची आई केळीच्या बागेत मजुरीला जाई आणि मुलीला सोबत नेई. घड, पान, पाट, पाणी, चिखल, दिसेल त्याचे नाव घेऊन ती दिवसभर मुलीशी बोलत राही, आणि दर शनिवारी पॅसेंजरने तिला थेरपीला नेई. ती मुलगी आज गावातल्याच शाळेत पाचवीत आहे. गोंगाटात तिला नीट समजत नाही, ‘स’ आणि ‘श’ यांत गल्लत होते, पण मैत्रिणींशी ती भांडते तोंडाने. दुसरा मुलगा सातपुड्यातला, धडगावच्या बाजूचा. दिव्यांगांना साधने मिळवून देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेत २०१४ पासून इम्प्लांटसाठी एका मुलामागे ६ लाख रुपयांपर्यंत मदतीची सोय झाली. तिच्यात जन्मतः बहिऱ्या मुलांसाठी पाच वर्षांची अट आहे, आणि हा मुलगा त्या अटीच्या अगदी काठावर बसला. ऑपरेशन उत्तम झाले. मॅपिंगसाठी मात्र दर वेळी आधी शहादा, मग धुळे, तेथून रातराणीने पुढे, येण्याजाण्यात तीन दिवस आणि तेवढ्या मजुरीवर पाणी. वर्षभराने कॉइलची वायर तुटली. हमीची मुदत संपल्यावर या वायरीला हजारो रुपये पडतात आणि आवाज टिपणारा बाहेरचा प्रोसेसर बदलायचा तर लाखांत जातो, हे त्या घराला कोणीही आधी सांगितलेले नव्हते. नऊ वर्षांचा होऊन तो आमच्या शाळेत आला तेव्हा यंत्र कुठे आहे असे विचारल्यावर त्याच्या वडिलांनी सांगितले की ते फडक्यात गुंडाळून देवापाशी ठेवले आहे. त्या मुलाला बोली येत नव्हती आणि खुणाही येत नव्हत्या. सरकारदरबारी मात्र त्याची नोंद ‘यशस्वी शस्त्रक्रिया’ अशीच असणार.

या दोघांच्या कानांत फारसा फरक नव्हता. फरक वयाचा होता, रेल्वे स्टेशन किती जवळ आहे याचा होता, आणि आणखी एका गोष्टीचा, जिची चर्चा मी कुठेच वाचलेली नाही. यावलच्या त्या आईला थेरपिस्टने ‘तुमच्या घरच्या बोलीतच बोला’ असे सांगितले होते. इतर ठिकाणी मी नेमके उलटे पाहिले आहे. ‘मुलाशी शुद्ध मराठीत बोला, दोन भाषांचा गोंधळ नको’ असा सल्ला मिळतो आणि जन्मभर अहिराणी बोललेली बाई स्वतःच्याच लेकरासमोर परीक्षेला बसल्यासारखी शब्द शोधू लागते. ‘आठे ये’ म्हणायचे तिथे ती ‘इकडे ये बरं बाळा’ म्हणते, तेही अडखळत. मग थकते आणि गप्प होते. या मुलांना भरपूर, मोकळे, चढउताराचे बोलणे हवे असते, तेच नेमके आटते. पावरी किंवा मावची या आदिवासी बोली बोलणाऱ्या घरांत तर आईच्या तोंडाला कुलूपच लागते. पुस्तकी मराठी शाळेत येईल. घरात जी भाषा रागावते, लाडावते आणि गाणी म्हणते तीच यंत्रात जायला हवी. उन्हाळ्याचेही असेच. पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा घामाने यंत्र बिघडते, म्हणून ते रोज रात्री ओलावा शोषणाऱ्या डबीत ठेवायचे असते, ही दोन वाक्यांची सूचना घरच्या बोलीत कोणी दिली तर किती यंत्रे वाचतील!

खुणांच्या भाषेविषयी लिहिताना मला स्वतःची चूक आधी कबूल केली पाहिजे. १८८० साली इटलीत मिलान येथे भरलेल्या बधिरांच्या शिक्षकांच्या परिषदेने खुणांना वर्गाबाहेर काढण्याचा ठराव केला, आणि त्याची सावली शंभर वर्षांनी आमच्या प्रशिक्षणापर्यंत येऊन पोहोचली होती. मूल हात हलवू लागले की आम्ही त्याला हाताची घडी घालायला लावत असू. तीच मुले रात्री वसतिगृहातले दिवे बंद होईपर्यंत हातांनी अखंड गप्पा मारत, आणि दिवे मालवणारी मीच असे. २०१० मध्ये कॅनडातील व्हँकुव्हर येथे भरलेल्या बधिरांच्या शिक्षणाच्या परिषदेने मिलानचे ठराव नाकारून खेद व्यक्त केला, तेव्हा आमच्या शाळेत त्याची कोणाला खबरही नव्हती. आजही ‘ऑपरेशन करायचे असेल तर खुणा बंद करा, नाहीतर मूल बोलायचा आळस करेल’ असे पालकांना सांगणारे लोक आहेत. खुणांचा बोलण्यावर काय परिणाम होतो यावर तज्ज्ञांत वाद आहे, तो त्यांनी खुशाल घालावा. पण धडगावच्या त्या मुलाला दुसऱ्या वर्षापासून खुणा शिकवल्या असत्या, तर वायर तुटल्यावर त्याच्याजवळ निदान एक भाषा उरली असती. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ सांकेतिक भाषेची दखल घेतो, आणि भारतीय सांकेतिक भाषेसाठी दिल्लीत २०१५ पासून स्वतंत्र संस्था आहे. आमच्या तीन जिल्ह्यांत पालकांना ती शिकवणारा वर्ग मात्र मला अजून दिसलेला नाही.

बहिरेपण हा आजार नाही, ते एक वेगळे जगणे आहे, आणि अजाण मुलाच्या डोक्यात यंत्र बसवण्याचा अधिकार आईबापांना नाही, असे मानणारी अनेक बधिर माणसे आहेत. अमेरिकेतील बधिरांच्या राष्ट्रीय संघटनेने १९९१ मध्ये मुलांवरील इम्प्लांटला उघड विरोध केला होता. २००० मध्ये तिने आपली भूमिका सौम्य केली. माझे काही माजी विद्यार्थी मला हेच सुनावतात, तेही खुणांनी आणि बरेच जोरात. त्यांचा राग मला समजतो, कारण ‘दुरुस्त करायचे मूल’ म्हणून ज्यांच्याकडे पाहिले गेले ते हेच. परंतु मूल जाणते होऊन स्वतः ठरवेपर्यंत थांबायचे म्हटले, तर तोवर ठरवण्यासारखे काही उरत नाही. शिवाय दहांतील नऊहून अधिक कर्णबधिर मुले ऐकणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात. मुंबई-पुण्यात अशा मुलाला बधिरांची मंडळे तरी भेटतात. तापीकाठच्या दोन हजार वस्तीच्या गावात त्याच्यासारखे दुसरे कोणी नसते. म्हणून मी यंत्राच्या बाजूने आहे. पण सही करण्यापूर्वी पालकांनी एखाद्या मोठ्या, नोकरी-संसार करणाऱ्या बधिर माणसाला आणि इम्प्लांटला पाच वर्षे झालेल्या एखाद्या घराला अवश्य भेटावे. डॉक्टर कितीही भले असले तरी या भेटींतून जे कळते ते त्यांच्या टेबलावर कळत नाही.

लोकप्रतिनिधी आणि आरोग्य खाते यांच्याकडे माझे मागणे लहान आहे. शिबिरे घ्या, फीत कापा, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तेथे महिन्यातून निदान दोन ठरलेल्या दिवशी मॅपिंग व्हावे, पालकाला येण्याजाण्याचे भाडे आणि बुडालेली मजुरी मिळावी, तुटलेली वायर आठवड्यात बदलून मिळावी, आणि थेरपिस्ट नेमताना अहिराणी किंवा पावरी येणाऱ्या मुलामुलींना प्राधान्य मिळावे. किती ऑपरेशने झाली हा आकडा जाहीर होतो. तीन वर्षांनंतर किती मुलांच्या कानांवर यंत्र आहे, हा आकडाही त्याच्याशेजारी छापला जावा. आपल्या वार्ताहरांनी एवढा एक प्रश्न प्रत्येक शिबिरात विचारला तरी पुष्कळ झाले.

त्या जोडप्याला मी सांगितले की बेरा चाचणी चुकवू नका. मुलाला श्रवणयंत्र लावून तीन महिने नेटाने पाहा. एमआरआयमध्ये कानाची नस नीट दिसली आणि श्रवणयंत्राने भागले नाही, तर ऑपरेशन करा, त्याआधी न्यूमोकोकलची लस चुकवू नका, आणि पुढची दोन वर्षे मुलासोबत कोण जाणार हे सासू-सासऱ्यांसमोर आजच ठरवा. खुणा मात्र कशासाठीही थांबवू नका. बुधवार-शनिवार संध्याकाळी मी त्यांच्याकडे जाते. पाणी, दूध, ये आणि पुरे एवढ्या खुणा झाल्या आहेत. त्या सर्वांत लवकर बाळाच्या आजीने उचलल्या, आणि त्या करताना ती अहिराणीत बोलतही असते.

आपली नम्र,
एक निवृत्त विशेष शिक्षिका
पाचोरा, जि. जळगाव