पुठ्ठ्याचा पाळणा

एस्पो, फिनलंड
१२ ऑक्टोबर

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

पहिलं बाळंतपण माहेरी होत नाही, ही रुखरुख तुमच्याइतकीच मलाही आहे. म्हणून आधी हेच सांगते: तब्येत उत्तम, नेउवोलातली, म्हणजे इथल्या गरोदर बायांच्या सरकारी दवाखान्यातली प्रत्येक तपासणी फुकट, आणि बाळाचं सामान जवळजवळ जमलं. बाळ जन्मायच्या आधी काही घ्यायचं नाही, हे तू बजावलंस. पण आई, तारीख जानेवारीतली. बाहेर बर्फ असताना आयत्या वेळी दुकानं कोण धुंडाळणार?

बाळ पुठ्ठ्याच्या खोक्यात झोपणार हे ऐकून तू फोनवर गप्पच झालीस, म्हणून नीट लिहिते. यात दारिद्र्य काही नाही. 'केला' हे इथलं सरकारी कार्यालय प्रत्येक आईला बाळाच्या सामानानं भरलेलं ते खोकं देतं. १९३८ साली गरीब आयांसाठी सुरू झालं, १९४९ पासून सगळ्यांना. चौथा महिना संपायच्या आत तपासणी झालेली हवी आणि अर्ज तारखेच्या दोन महिने आधी गेलेला हवा. खोकं नको असेल तर १७० युरो रोख मिळतात. पण पहिलटकरणीनं खोकंच घ्यावं: बर्फातला सूट, झोपायची उबदार पिशवी, अंगातले कपडे, टोपडी, थर्मामीटर, नखांची कात्री, हे सगळं सुटं घ्यायला १७० पुरत नाहीत.

रिकाम्या खोक्यात त्याच मापाची घट्ट गादी बसते आणि बाळ त्यात झोपतं. उशी नाही, दुलई नाही, खेळणं नाही; बाळ उताणं. झोळीत मान वाकून हनुवटी छातीला टेकते, इथे तळ सपाट असल्यानं श्वास मोकळा राहतो. बाळ आत असताना खोकं उचलायचं नाही, आणि ते वळायला लागलं की खोकं वापरणं बंद. तोवर जुना लाकडी पलंग मिळेल, गादी मात्र नवी.

बाकीचं किर्पुतोरीतून, म्हणजे लोक फळी भाड्यानं घेऊन घरातलं जुनं विकतात तिथून. कपड्याचं माप म्हणजे बाळाची लांबी सेंटीमीटरमध्ये. ५० चं माप दोन-तीन आठवड्यांत आखूड होतं, म्हणून त्याचे चार, ५६ चे आठ, उरलेले ६२ चे. घेताना प्रेस बटणं ओढून बघायची, आणलं की ६० अंशांवर धुवायचं, सॉफ्टनर नको. १ नंबरचे डायपरही एकच पाकीट. दिवसाला दहा लागले तरी बाळ लवकरच पुढच्या नंबरात जातं. बाबागाडी जुनी चालते, पण पाठ पूर्ण आडवी हवी, उतारावर ब्रेक लावून बघायचा आणि चाकं मोठी हवीत, लहान चाकं बर्फात रुततात. गाडीत बाळ असलं की इथल्या बसला आणि ट्रामला तिकीट लागत नाही.

कार सीट तेवढी नवी घेतली. अपघातात दणका बसलेली सीट बाहेरून धड दिसते, आतून तडकलेली असू शकते. आणि पट्ट्याखाली जाड सूट घालायचा नसतो. धडकेत तो चेपतो आणि पट्टा सैल पडतो. आधी पट्टा, मग वरून पांघरूण.

आता तुला सगळ्यात खटकेल ते. इथे बाळं दुपारची बाबागाडीत, बाहेर बाल्कनीत झोपतात, हिवाळ्यातही. गार हवेत झोप लांबते म्हणतात. उणे १० च्या खाली मात्र नाही. आत लोकरीचा थर, वर सूट, मग उबदार पिशवी. सुरुवात दहा-पंधरा मिनिटांनी. गाडीचं तोंड चादरीनं झाकायचं नाही, हवा कोंडते. ऊब हातांवरून कळत नाही, ते गारच लागतात. मानेमागे बोट घालून बघायचं, घाम असेल तर एक थर कमी. आमचं बाळ पहिला महिना तरी घरातच झोपेल, शब्द देते.

गुटी, काजळ, मध पाठवू नकोस. मध वर्षाच्या आत देत नाहीतच, आणि तूप तर पोस्टानं येऊच देत नाहीत. तुझ्या जुन्या सुती पातळाची सहा दुपटी आणि कुंची पाठव. पार्सलवर 'भेट' लिही आणि किंमत ४५ युरोच्या आत राहू दे, म्हणजे कर लागत नाही. दोन आठवड्यांपासून बाळाला रोज १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व द्यायचं असतं, त्याचे थेंब इथे मिळतात.

बाबा, हिशोब: बाबागाडी ९० युरो, कार सीट १४०, कपडे ३८, डायपर आणि थेंब २२. एकूण २९०, युरोला शंभर धरले तर २९ हजार. बाळासाठी ठेवलेल्यातले बरेच वाचले. त्यातले ५० हजार शनिवारी पाठवते, धाकटीच्या लग्नाच्या कार्यालयासाठी. सोसायटीचं कर्ज काढू नका. आई, लग्नाच्या गडबडीत तू इकडे येऊ शकत नाहीस याचं मनाला लावून घेऊ नकोस. वैशाखात ये, व्हिसा ९० दिवसांचा मिळतो. त्याला ३० हजार युरोंचा विमा लागतो, तो मी काढते.

लग्न माघात, तेव्हा बाळ महिन्याचं असेल, तोवर त्याचा पासपोर्ट निघून प्रवास होणं नाही. म्हणजे लग्नात करवली मी नसणार. धाकटीला हे अजून सांगितलेलं नाही. तू सांगू नकोस, मीच सांगेन.

तुमची,
मोठी