‘ड्यूड’ म्हणजे केवळ मित्र नव्हे

तरुणांच्या इंग्रजी बोलीवरील आपल्या लेखात ‘ड्यूड’चा अर्थ ‘मित्र’ एवढाच दिला आहे. तो अपुरा आहे. 1883च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये नटव्या, छानछोकी पुरुषाला चिडवण्यासाठी हा शब्द रूढ झाला. पुढे अमेरिकेच्या पश्चिम भागात तो शहरी पाहुण्यांना चिकटला. आज अर्थ ठरतो तो वाक्यातल्या जागेवरून. ‘तो ड्यूड’ म्हणजे कोणीही पुरुष, अगदी अनोळखीसुद्धा. संबोधन म्हणून मात्र मुलीही एकमेकींना ड्यूड म्हणतात. नुसताच, स्वर लांबवून उच्चारला की बहुधा आश्चर्य. तुटक उच्चारला की नापसंती. तिथे ‘मित्रा’ हे भाषांतर साफ चुकते, ‘अरे बापरे’ किंवा ‘काय हे!’ जवळचे ठरते. वरिष्ठांशी बोलताना हा शब्द उद्धट वाटतो, हेही लेखात यायला हवे होते.

– एक वाचक