कसाऱ्याच्या बोगद्यात टिकलेला खेळ

प्रिय काका,

समोर बसून आभार मानले असते तर ‘आधी चहा घे’ म्हणून तुम्ही विषय बदलला असता. म्हणून इथे, सगळ्यांसमोर लिहिते आहे.

मोबाईलचे गेम बनवायला शिकायचं म्हणून मी एका क्लासला पैसे भरले होते. फळ्यावरचा कोड उतरवायचा, चालला की पुढचा धडा. सहा महिन्यांनी माझ्याकडे चार चालते गेम होते आणि त्यातला एकही मला कळलेला नव्हता. फार रडले होते तेव्हा.

तुम्ही नाशिकच्या सिडकोत, आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहता. अंबडच्या एका कारखान्यात पीएलसी, म्हणजे यंत्रं चालवणारे छोटे संगणक, सांभाळून निवृत्त झालात. मोबाईलवर कधी गेम खेळला नव्हतात, तरी माझ्या स्क्रीनकडे बघून विचारलंत, “हे एकदाच चालतं की फेरे घेतं?”

मग कागदावर काढून दाखवलंत. पीएलसी आधी सगळे सेन्सर वाचतो, मग प्रोग्रॅम चालवतो, मग मोटारींना नि व्हॉल्व्हना हुकूम सोडतो आणि लगेच पुन्हा पहिल्यापासून सुरू. गेमचंही तेच! बोट कुठे टेकलं ते वाचायचं, हिशेब करायचा, चित्र काढायचं. सेकंदाला ६० वेळा, म्हणजे एका फेऱ्याला जेमतेम १६ मिलिसेकंद. सहा महिने जे पाठ करत होते ते त्या संध्याकाळी समजलं.

पुढे गोडो इंजिनमध्ये, म्हणजे गेम बनवायच्या एका सॉफ्टवेअरमध्ये, दोघांनी ऑनलाइन खेळायचा सारीपाट करायला घेतला. कवड्यांचं दान मी खेळणाऱ्याच्याच फोनवर ठरवत होते. तुम्ही म्हणालात, दान त्याच्या मुठीत ठेवलंस तर तो दर वेळी मनासारखंच पाडेल. ते काम सर्व्हरकडे, म्हणजे दोन्ही फोन ज्याला जोडलेले असतात त्या मधल्या संगणकाकडे गेलं. फोन आता फक्त ‘टाक’ म्हणतो, दान पाडतो सर्व्हर.

पण खरा धडा पंचवटी एक्स्प्रेसमध्ये मिळाला. तुम्ही लेकीकडे कल्याणला निघाला होतात, मी मुद्दाम सोबत आले, दोघांच्या हातात दोन फोन. इगतपुरी सुटली, गाडी कसारा घाटात शिरली आणि बोगद्यात नेटवर्क गेलं. बाहेर आलो तर माझी सोंगटी एकाच चालीत दोनदा सरकलेली. चाल सर्व्हरला पोचली होती, ‘पोचली’ हे उत्तर तेवढं वाटेत हरवलं होतं. माझ्या फोननं ती पुन्हा पाठवली आणि सर्व्हरनं दुसरी चाल समजून खेळवली.

तुम्ही शांतपणे म्हणालात, “आमच्याकडे प्रत्येक जॉब कार्डाला, म्हणजे कामाच्या चिठ्ठीला, नंबर असायचा. तोच नंबर परत आला तर मशीनवर चढवायचा नाही.” कल्याण येईपर्यंत मी प्रत्येक चालीला क्रमांक दिला होता. आता तोच क्रमांक पुन्हा आला की सर्व्हर चाल न खेळता फक्त पटाची सद्यस्थिती परत धाडतो. परतीच्या गाडीत, त्याच घाटात, सोंगटी दुसऱ्यांदा सरकली नाही. मी डब्यात टाळ्या वाजवल्या होत्या, आठवतं?

नव्या वैयक्तिक खात्यावरून प्ले स्टोअरवर गेम खुला करायचा तर आधी किमान १२ जणांनी सलग १४ दिवस चाचणीत राहावं लागतं. तुम्ही तुमच्या जुन्या शिफ्टचे नऊ जण गोळा केलेत. त्या सगळ्यांचेही मनापासून आभार. त्यांनी सुचवलेली मोठी अक्षरं आज गेममध्ये आहेत.

तुमची जॉब कार्डांची जुनी वही अजून माझ्याकडेच आहे. पुढच्या गेममध्ये चौघे एकदम खेळणार आहेत, तेवढ्यासाठी आणखी महिनाभर राहू द्या.

तुमची,
वरच्या मजल्यावरची