दांडी खाली ठेवली तरी रिपोर्ट आला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी अंक उघडला आणि आतून गुलाबी पत्रक पडलं. 'क्वांटम मॅग्नेटिक तपासणी! एका मिनिटात संपूर्ण शरीराचं निदान, फक्त 200 रुपये.' पत्रकं विक्रेते घालतात, दोष तुमचा नाही. पण तीस वर्षं बारावीला भौतिकशास्त्र शिकवल्यावर 'क्वांटम' हा शब्द असा वाचून घरी बसवेना. गेलो.

सोसायटीच्या हॉलमध्ये एक लॅपटॉप आणि त्याला वायरने जोडलेली धातूची दांडी. ती मुठीत धरायची. टेबलावरच्या मुलाने वय, उंची, वजन विचारलं आणि घाईत माझं वय 68 ऐवजी 38 टाइप केलं. रिपोर्टमध्ये यकृत ठणठणीत! चूक दाखवल्यावर त्याने आकडा बदलला. तोवर मी दांडी टेबलावर ठेवली होती. तरी नवा रिपोर्ट आला: यकृत क्षीण, कॅल्शियम कमी, औषधं तिथेच मिळतील. माझ्यामागे रांगेत बारा-पंधरा माणसं होती, निम्मी माझ्याच वयाची.

शरीराच्या आत क्वांटमच्या, म्हणजे अणूंच्या जगातल्या नियमांच्या, आधारे डोकावणारं यंत्र खरोखर आहे, त्याला एमआरआय म्हणतात. हायड्रोजनच्या अणुकेंद्राला इवल्या चुंबकासारखं वागवणारा स्पिन हा अस्सल क्वांटम गुण. त्याच्याकडून संदेश मिळवायला साधारण दीड टेस्लाचं, म्हणजे फार जोरदार, चुंबकीय क्षेत्र लागतं, चुंबक द्रवरूप हेलियममध्ये थंड ठेवावा लागतो, आणि एका गुडघ्यासाठी वीस-पंचवीस मिनिटं निपचित पडावं लागतं. मी पडलोय.

आता थोडं तुमच्याबद्दल, राग नसावा. डिसेंबर 2024 मध्ये गुगलच्या 'विलो' या क्वांटम संगणकाच्या चिपची बातमी बहुतेक ठिकाणी अशी आली: महासंगणकाला एकावर पंचवीस शून्यं इतकी वर्षं लागतील ते गणित पाच मिनिटांत सुटलं. गणित कोणतं, हे सांगायचं राहून गेलं. ते होतं यादृच्छिक, म्हणजे वाटेल तशा जुळवलेल्या, क्वांटम सर्किटमधून नमुने काढण्याचं, म्हणजे चिपची कसोटी म्हणूनच निवडलेलं. व्यवहारात त्याचा उपयोग नाही. खरी बातमी वेगळी होती. क्युबिट, म्हणजे क्वांटम संगणकात माहिती साठवणारे मूलघटक, फार नाजूक, सतत चुकतात. क्युबिट वाढवले की चुकाही वाढतात, हे जुनं दुखणं. 105 क्युबिटच्या या चिपवर 3×3 वरून 5×5 आणि मग 7×7 अशी क्युबिटांची जाळी मोठी केली, तेव्हा चुकांचं प्रमाण दर पायरीला निम्म्याने उतरलं. यासाठी संशोधक जवळजवळ तीस वर्षं झटत होते.

2025 चं भौतिकशास्त्राचं नोबेलही असंच दोन ओळींत आटोपलं. क्लार्क, देवोरे आणि मार्टिनिस यांनी 1984-85 मध्ये बर्कलीत दाखवलं की अणूपुरते समजले जाणारे क्वांटमचे नियम हातात धरता येईल एवढ्या अतिवाहक (रोधाशिवाय वीज वाहू देणाऱ्या) परिपथातही दिसतात. आजच्या अनेक क्वांटम चिपांचं मूळ तिथे आहे. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने (टीआयएफआर) घडवलेला सहा क्युबिटचा प्रोसेसरही अतिवाहकच. त्याची चाचणी पुण्यातल्या डीआरडीओच्या प्रयोगशाळेसोबत 2024 मध्ये पूर्ण झाली. सहा म्हणजे फार नव्हेत. 2023 मध्ये मंजूर झालेल्या 6,003 कोटींच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनचं उद्दिष्ट आठ वर्षांत 50 ते 1,000 क्युबिट गाठण्याचं आहे. हा सहा आकडा कुठे ठळक छापलेला मला दिसला नाही. एकावर पंचवीस शून्यं मात्र रांगेतल्या एका गृहस्थांना तोंडपाठ होती. 'पेपरात आलंय, क्वांटमला काही अशक्य नाही,' असं तेच मला समजावत होते.

पुढचं शिबिर येत्या रविवारी त्याच हॉलमध्ये आहे. त्याआधी हे पत्र छापता आलं तर पाहावं.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षक, सातारा