ऑडिट झाले, मग आमचे कागद उघडे कसे?

माननीय माहिती तंत्रज्ञान मंत्री,
गोवा सरकार, पर्वरी

सप्रेम नमस्कार.

मी फोंड्याचा. पेनटेस्टिंग, म्हणजे मालकाच्या परवानगीने त्याच्या यंत्रणेतल्या फटी शोधणे, हे माझे पोट आहे. आईच्या रहिवासी दाखल्याचा अर्ज एका सरकारी खात्याच्या पोर्टलवर केला. तिच्या लॉगिनमधून माझा स्वतःचा अर्ज क्रमांक घालून पाहिला, तर माझे आधार, वीज बिल, सगळे उघडले. म्हणजे कुणाचेही उघडेल. लगेच लेखी कळवले. चवथीपूर्वी दुरुस्त करतो, असा शब्द मिळाला. चवथ गेली, दिवाळीही गेली. मग उत्तर आले: पोर्टलचे सुरक्षा ऑडिट झालेले आहे. सोबत माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66 ची आठवण! 3 वर्षांपर्यंत कैद. ते कलम लबाडीने केलेल्या कृत्यासाठी आहे, मंत्रिमहोदय. मी तर सही करून पत्र दिले होते. गेटचा आवाज झाला की आई दचकते, पोलीस आले का विचारते. हे तिच्या वाट्याला का?

ते ऑडिट मला दाखवले गेले. आपोआप फटी शोधणाऱ्या स्कॅनर सॉफ्टवेअरने ओकलेली पाने आणि वर खात्याचे नाव, एवढेच. यंत्राची मदत मीही घेतो; हल्ला करून फटी तपासणारे मेटास्प्लॉइट हे सॉफ्टवेअर मी रोज वापरतो. 2003 पासून चालत आलेले ते फ्रेमवर्क जुन्या सर्व्हरच्या माहीत असलेल्या फटींसाठी उत्तमच. पण हा अर्ज आईचा की मुलाचा, हे त्याला कळत नाही. त्यासाठी माणसाने दोन लॉगिन घेऊन डोके लावत बसावे लागते. कुणाला काय दिसावे यातली ही ढिलाई ओवास्प या वेब-सुरक्षेवर काम करणाऱ्या जागतिक संस्थेच्या धोक्यांच्या 2021 च्या यादीत पहिल्या क्रमांकावर आहे. ऑडिट करणाऱ्याला ती यादी ठाऊक नसेल, हे मी मानायला तयार नाही. कमी दराची निविदा भरली की माणसाचे दिवस परवडत नाहीत, आणि खात्यालाही हवे असते फक्त प्रमाणपत्र. रस्ते तसेच बांधले जातात, पोर्टलेही. मग आमची शिकलेली मुले पुण्या-बेंगळुरूला जातात, याचे नवल कशाला करता?

सायबर घटना 6 तासांत कळवा, असा सर्ट-इनचा, म्हणजे केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेचा, 2022 चा आदेश आहे. डेटा फुटेपर्यंत थांबणार आहात का?

ते पोर्टल आजच बंद करून दुरुस्त करा. निविदेत हाताने केलेली चाचणी आणि दुरुस्तीनंतरची फेरतपासणी सक्तीची करा. प्रामाणिकपणे बग कळवणाऱ्यावर गुन्हा नोंदवणार नाही, असे परिपत्रक काढा. ते निघेपर्यंत माझ्या धंद्यातले कुणी तुमच्या दारात येणार नाही.

आपला,
फोंड्याचा एक नागरिक