बुजवलेल्या दारातली वायर

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, आधी सांगूनच टाकते. मंगळवारी केबलवाला फायबरचं इंटरनेट जोडायला येईल आणि जाताना मधल्या भिंतीला बोटभर भोक पाडून नानांकडे एक वायर सोडेल. पैसे भरून झालेत. विचारलं असतं तर तुम्ही "बघू" म्हणाला असता, आणि तुमचं "बघू" मला दहावीपासून माहीत आहे.

एकाच घरात दोन कनेक्शनं कशाला? तुमचा कॉम्प्युटर, आईचा फोन, मी आखाजीला आणते तो लॅपटॉप आणि पलीकडे सोनूचा, सगळे एकाच राउटरवर चालतात. राउटर आतल्या प्रत्येकाला वेगळा नंबर देतो, बाहेर मात्र सगळ्यांचा पत्ता एकच. चुली दोन, उंबरा एक. वेग 100 एमबीपीएसचा घेतलाय. डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलायला तीनेक पुरतात, त्यामुळे सोनू लेक्चर बघत बसला तरी तुमचं काही अडणार नाही. आणि तुमचे शेतीचे हिशेब त्याला दिसणार नाहीत, तुम्ही स्वतः फाइल शेअर केलीत तरच दिसतील.

वाय-फाय का नाही? आपल्या मातीच्या भिंती मे महिन्यात घर गार ठेवतात, तसं वाय-फायही अडवतात. 5 गिगाहर्ट्झवालं तर पलीकडे पोचतच नाही, 2.4 वालं कसंबसं रडतखडत जातं. म्हणून लॅनची वायर. ती 100 मीटरपर्यंत चालते, आपल्याला पंधराही लागणार नाही. भोक बुजवलेल्या दारात पाडायला सांगितलंय, तिथे नुसती वीट आहे. आई, त्याच दारातून नानी मला कळण्याच्या भाकरीवर भरीत घालून द्यायची, आणि तू म्हणायचीस, घरात उपाशी ठेवते का मी तुला? भिंतीचा गिलावा मी आले की नीट करून घेईन. डाग दिसणार नाही, बाबा.

आता ऐका. राउटर टीव्हीमागे कोंबायचा नाही, उंच फळीवर मोकळा ठेवायचा. देव्हाऱ्यापाशी तर नकोच, समईची धग लागते. विजा कडाडल्या की प्लग काढायचा. लाइट गेल्यावर चालावा म्हणून 12 व्होल्टचा छोटा बॅकअप पाठवलाय, त्याला मोबाइलचं चार्जर लावू नका. पासवर्ड भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायचा नाही, येणारा-जाणारा वाचतो. बीपीची गोळी मात्र कॅलेंडरवर टिक करायची. आई, तू बघ.

बिल मी भरणार. नानांकडे पैसे मागायचे नाहीत, आणि ते द्यायला आले तर भांडायचंही नाही. मंगळवारी सोनू वायर ओढायला अलीकडे येईल. त्याला चहा दे आई, साखर जास्त लागते त्याला. बाबा, तुम्ही काही बोलला नाहीत तरी चालेल, फक्त शेतावर निघून जाऊ नका.

तुमची,
बेबी